परळचं दुःख आणि मराठी भावकादंबरी

टाटा रुग्णालयाची गोष्ट एका नवरा-बायकोपासून सुरू होते. मेहेरबाई टाटा १९३१च्या जूनमध्ये रक्ताच्या कर्करोगानं परदेशातल्या एका शुश्रूषागृहात गेल्या. सर दोराबजी त्यांच्यामागे वर्षभरही जगले नाहीत. १९३२ साली त्यांनी बायकोच्या नावानं एक न्यास काढला, तिला नेणाऱ्या रोगावर संशोधन व्हावं म्हणून. मग तिच्या समाधीच्या दर्शनाला निघाले आणि वाटेत, जर्मनीत, ३ जून १९३२ला वारले. त्यांच्या मागे त्यांच्या स्वतःच्या नावाच्या न्यासानं परळला जे रुग्णालय बांधलं, त्याचे दरवाजे २८ फेब्रुवारी १९४१ला उघडले. आज त्या दरवाज्यासमोरच्या अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर देशभरातून आलेली माणसं फायली छातीशी धरून बसलेली असतात. त्यांतल्या बहुतेकांना हे नवरा-बायको कोण, हे ठाऊक नसतं, आणि ते असायचं कारणही नाही.

प्रेम, मरण, शोक आणि आशा या चार गोष्टींवर जगभर शेकडो कादंबऱ्या उभ्या आहेत. परळात त्या चारही पायी फिरण्याच्या अंतरात सापडतात. आचार्य दोंदे मार्गावर १९२६ साली सुरू झालेलं केईएम आहे. त्याच परिसरात वाडियांचं प्रसूतिगृह आणि मुलांचं रुग्णालय आहे. जवळच हाफकिन संस्था आहे. ती ज्या वाड्यात आहे तिथं एके काळी मुंबईचा गव्हर्नर राहत असे. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसनची बायको कॉलऱ्यानं गेली, गव्हर्नरांनी परळ सोडलं, आणि पुढं १८९९ साली त्याच वास्तूत हाफकिननं प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आणली. थोडं पुढं भोईवाड्याची स्मशानभूमी. या सगळ्याच्या भोवती, वर्षानुवर्षं, गिरण्यांच्या चिमण्या आणि चाळी. जन्म, आजार, मरण, मजुरी आणि त्यांतून उरणारी उमेद एवढ्या दाटीनं एका जागी असलेली वस्ती मराठी मुलखात दुसरी दाखवता येणार नाही.

तरी परळवर हळव्या, काव्याच्या अंगानं जाणारी, एका माणसाच्या शोकाच्या मुळापर्यंत उतरणारी मोठी मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. परळवर लिहिलं गेलं नाही असं मुळीच नव्हे. पोवाडे झाले, कविता झाली, नाटक झालं, कथा झाली, कादंबऱ्याही झाल्या. भावकादंबरी तेवढी मागं राहिली. असं का झालं, याचा हा आढावा.

भावकादंबरीत घटना थोड्या असतात. वाक्याची लय, एखाद्या प्रतिमेचं परत परत येणं, काळाचं मागंपुढं होणं यांच्या बळावर ती चालते. व्हर्जिनिया वूल्फच्या ‘टू द लाइटहाउस’मध्ये (१९२७) जिच्याभोवती सगळं घर फिरतं त्या मिसेस रॅमसेचं मरण कंसातल्या एका वाक्यात सांगून टाकलंय. पुढची पानंच्या पानं रिकाम्या घराची, धुळीची, उजेडाची आहेत. मरणाची बातमी एका ओळीत आटपते आणि उणीव मात्र संपता संपत नाही, हा शोकाचा खरा अनुभव त्या रचनेनं पकडला.

मराठीत या वाटेचा पहिला मोठा दगड म्हणजे विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (१९३९). युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांतली हर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. प्रवास आहे तेवढेच दिवस त्यांच्या हाती आहेत. मुंबईच्या बंदरात चक्रधर उतरतो, हर्टा पुढं जाते आणि तिचं पुढं काय झालं ते मागाहून कळतं. कादंबरी छोटीशी आहे. तिच्यात जगाचं युद्ध आणि दोन जिवांची ताटातूट एकाच श्वासात येतात. त्या बंदराच्या पाठीमागं काही मैलांवर परळच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते. कादंबरी धक्क्यावर थांबली, आणि तिला तिथंच थांबायचं होतं. पण पुढची भावकादंबरीही बराच काळ परळपर्यंत आली नाही.

चिं. त्र्यं. खानोलकरांनी ती कोकणात नेली. ‘रात्र काळी, घागर काळी’ आणि ‘कोंडुरा’ यांत माणसाचं दैव आणि निसर्ग एकमेकांत मिसळून गेलेले आहेत. कमल देसाईंनी ‘काळा सूर्य’मध्ये एका बाईच्या मनातल्या उद्ध्वस्त देवळापर्यंत ती खोल खणली. गौरी देशपांड्यांनी ‘एकेक पान गळावया’मध्ये (१९८०) प्रौढ बाईचं प्रेम आणि तिचं एकटेपण, कसलीही आसवं न ढाळता, मोकळेपणानं लिहिलं. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (२००६) एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण आपापल्या खोलीत आपापला विरह बोलतात. या सगळ्या पुस्तकांवर माझा जीव आहे. त्यांच्यात समान काय, असं पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. दुःख करणाऱ्याला बसायला जागा आहे. बोटीचा डेक, कोकणातलं घर, परदेशातलं निवांत वास्तव्य, पुण्यातल्या वाड्याची माडी. दार लावून घेता येतं.

मुंबईच्या पोटात शिरलेल्या भावकादंबऱ्या दोन, आणि दोन्ही मोठ्या. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) तुकड्यातुकड्यांत चालते. कुशंक पुरंदरे आपल्या आयुष्यातल्या बायांशी, आठवणींशी, शरीराच्या वेदनेशी बोलत राहतो आणि वाक्य कधी शिवीकडे, कधी प्रार्थनेकडे झुकतं. मुंबईच्या दाटीतून काव्य काढता येतं, याचा हा मराठीतला पहिला भक्कम पुरावा म्हणायला हवा. दुसरी शांता गोखल्यांची ‘रीटा वेलिणकर’ (१९९०). घरच्यांसाठी राबलेली, विवाहित वरिष्ठावर वर्षानुवर्षं प्रेम करणारी रीटा कोसळते आणि रुग्णालयाच्या खाटेवर पडल्या पडल्या स्वतःला पुन्हा गोळा करू लागते. आशेवर एवढी संयमी मराठी कादंबरी मला दुसरी आठवत नाही. बरं होणं म्हणजे काय, तर स्वतःची वाक्यं स्वतः पुरी करता येणं, एवढंच ती मागते. तरी रीटाला खोली मिळते, मैत्रीण मिळते, वेळ मिळतो. गिरणगावातल्या, म्हणजे परळच्या गिरणीवस्तीतल्या, बाईला यांतलं काय मिळालं असतं?

तिथला गिरणीकामगारांचा गाळा कसा असे ते डोळ्यांपुढं आणा. दहा बाय बाराची खोली, त्यात एकाच गावचे पंधरा-वीस गडी. पहिल्या पाळीचे उठून गेले की रातपाळीवाले त्याच पथारीवर पडत. ट्रंका भिंतीला, कपडे दोरीवर, जेवण खानावळवाल्या बाईकडे. बायको गावाला. तिचं पत्र आलं तर वाचून दाखवणारा दुसराच कोणी, म्हणजे सगळ्या गाळ्यानं ऐकलेलं. अण्णाभाऊ साठ्यांनी गावाकडं राहिलेल्या मैनेच्या विरहाची छक्कड रचली आणि तिच्यातच संयुक्त महाराष्ट्राचा लढा गुंफला, तो नुसता शाहिरी डाव नव्हता. गिरणगावात विरह खाजगी राहूच शकत नव्हता. हजारोंच्या सभेत तो गायला गेला आणि प्रत्येकानं तो आपला म्हणून ऐकला.

मरणाचंही तसंच. चाळीत मयत झालं की गॅलरीतली सगळी दारं उघडतात. कोणी तिरडीच्या बांबूला पळतं, कोणी गावाकडं कळवतं, कोणी मुलांना आपल्या खोलीत नेऊन बसवतं. त्या घरात चूल पेटत नाही. कडू घास शेजारच्या खोलीतून येतो, पिठलं-भात, आणि ‘चार घास खाऊन घे गं’ म्हणत कोणीतरी मावशी पाठीवर हात ठेवून बसून राहते. दहाव्यापर्यंत त्या बाईला एक क्षण एकटं सोडत नाहीत. हे मोठं प्रेम आहे. पण एकटं बसून रडणारी नायिका ज्या कादंबरीला लागते, तिला ही चाळ उपयोगाची नाही. भावकादंबरीनं परळ टाळलं यात लेखकांचा दुस्वास नव्हता. तिच्या घडणीला जो एकांत लागतो, तो परळात कोणालाच परवडत नव्हता.

दुसरं कारण घाईचं. ज्यांनी गिरणगाव लिहिलं त्यांच्यापुढं लढा उभा होता. मामा वरेरकरांनी १९३०च्या दशकात ‘धावता धोटा’मध्ये गिरणीचं जग कादंबरीत आणलं, तेव्हा त्यांना मालक-मजुरांचा प्रश्न मांडायचा होता. भाऊ पाध्ये स्वतः कामगार चळवळीत वावरलेले. ‘डोंबाऱ्याचा खेळ’मध्ये त्यांनी युनियनचं राजकारण आतून दाखवलं. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’मध्ये कामगारनेता सत्तेच्या पटावरची सोंगटी होऊन येतो. आणि १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाल्यावर तर लिहिणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत राहिली नाही. संप कधी रीतसर मागं घेतला गेलाच नाही. शेवट जाहीर न झालेल्या गोष्टीचा शोक कधी सुरू करायचा, हा पेच अडीच लाख घरांत एकाच वेळी पडला. ‘उद्या गिरणी सुरू होईल’ या आशेनं माणसं वर्षानुवर्षं थांबली. त्यांतली काही तशीच मेली.

या पेचाला सर्वांत नीट हात घातला तो जयंत पवारांनी. ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातल्या धुरी कुटुंबाच्या खोलीत संपानंतरची मुलं वाढतात. लेखक व्हायला निघालेला बाबा, गुंडगिरीत ओढला गेलेला नरू, आणि सगळ्यांना धरून ठेवायला बघणारी आई. रंगमंचावर ती एकच खोली आहे. सगळी भांडणं, सगळं प्रेम, मरणाची बातमीही त्या खोलीतच. आईचं दुःख तिला कोपऱ्यात जाऊन करता येत नाही, कारण कोपराच नाही, आणि पवारांनी हेच नाटकाचं बळ केलं. पुढं ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहात, ज्याला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यांनी वास्तवाला दंतकथेची, स्वप्नाची, ऐकीव बातमीची जोड दिली. फिनिक्स गिरणीचा मॉल झाला हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या राखेत काय काय जळालं, ते सांगायला लयीची आणि भासाची भाषा लागते, हे पवारांनी ओळखलं. त्या कथा वाचताना परळची भावकादंबरी दाराशी येऊन उभी राहिली आहे असं वाटतं. २९ ऑगस्ट २०२१ला पवार गेले, एकसष्टाव्या वर्षी. मराठीची ती हानी आजही भरून आलेली नाही.

नारायण सुर्व्यांचं आयुष्य या प्रश्नाच्या मधोमध आहे. जन्मतःच टाकून दिलेलं मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगारानं उचललेलं, परळच्या चाळीत काशीबाईच्या मायेत वाढलेलं. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांत सुर्व्यांनी ‘मी’ म्हटलं की त्यामागं सगळी चाळ उभी राहते. समीक्षकांनी त्यांना कामगारांचा कवी म्हणून गौरवलं, ते योग्यच. पण त्या गौरवात एक गोष्ट झाकली गेली. पोरक्या मुलाला परक्या माणसानं पोटाशी धरणं हा त्यांच्या सगळ्या कवितेचा मूळ झरा आहे, आणि तो वर्गलढ्याच्याही आधीचा आहे. कृष्णाबाई सुर्व्यांचं ‘मास्तरांची सावली’ हे आत्मकथन वाचलं की हा झरा उघडा दिसतो. दोघंही अनाथ, दोघांनी मिळून संसार मांडलेला, कधी पदपथावर, कधी दुसऱ्याच्या आसऱ्यानं. कृष्णाबाईंच्या सांगण्यात अलंकार नाहीत. उपाशी राहिल्याचं, नवऱ्यावरच्या रागाचं आणि त्याच्यावरच्या मायेचं त्या एकाच आवाजात सांगतात. प्रेमाची मोठी कथा परळात कोणी लिहिली असं मला विचाराल तर मी आधी या पुस्तकाचं नाव घेईन. आत्मकथन म्हणून ते एका कप्प्यात पडलं आणि कादंबरीकारांनी त्याच्याकडून शिकायचं ते शिकले नाहीत.

रुग्णालयांकडं मराठी ललित लेखनानं त्याहून कमी पाहिलं. डॉक्टरांच्या आठवणी आहेत. डॉ. रवी बापटांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ हे त्यांतलं गाजलेलं. त्यात रोगी, विद्यार्थी आणि शस्त्रक्रियेची टेबलं जिवंत होतात. पण खाटेच्या बाजूनं, नातेवाइकाच्या बाजूनं, परिचारिकेच्या बाजूनं लिहिलेलं फार थोडं.

इथं अरुणा शानबाग यांचं नाव घ्यावंच लागतं, आणि ते जपून घ्यावं लागतं. केईएमच्या या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ला त्याच रुग्णालयात हल्ला झाला. लग्न ठरलेलं होतं. त्यानंतर १८ मे २०१५ला निमोनियानं मृत्यू येईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या चार नंबरच्या वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत बिछान्याला खिळून होत्या. इच्छामरणाच्या अर्जावर ७ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयानं जो निकाल दिला, त्यानं देशात निष्क्रिय इच्छामरणाच्या चर्चेचा पाया घातला. अरुणांच्या बाबतीत मात्र न्यायालयानं केईएमच्या कर्मचाऱ्यांचा शब्द मानला. त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. नुकत्याच लागलेल्या मुलींपासून निवृत्तीला आलेल्यांपर्यंत परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्या त्यांना भरवत, पुसत, कूस बदलून देत राहिल्या. इतकी वर्षं बिछान्यावर असूनही त्यांच्या अंगावर जखम होऊ दिली नाही, याचा उल्लेख सगळीकडं आदरानं होतो. पिंकी विराणींचं पुस्तक मराठीत ‘अरुणाची गोष्ट’ म्हणून आलं. दत्तकुमार देसाईंचं ‘कथा अरुणाची’ हे नाटक विनय आपट्यांनी रंगमंचावर आणलं. गुजरातीत हरकिसन मेहतांनी या घटनेवरून ‘जड चेतन’ ही कादंबरी लिहिली, तीही १९८०च्या दशकात. मराठीत अशी कादंबरी माझ्या माहितीत नाही.

मला त्या घटनेची कादंबरी नको आहे. हल्ल्याचं पुन्हा पुन्हा वर्णन करणारं लेखन पुरेसं झालं. मला हवी आहे ती वॉर्डातल्या एखाद्या परिचारिकेची कादंबरी. विशीतली मुलगी पहिल्या दिवशी वॉर्डात येते, थोरली सिस्टर तिला सांगते, ‘हिला रोज आपण बघतो,’ आणि ती पस्तीस वर्षं बघते. तिचं लग्न होतं, मुलं होतात, आई मरते, आणि रोज ती एका न बोलणाऱ्या बाईचे केस विंचरते. ही माया की हट्ट? तिला जगवणं बरोबर की चूक? न्यायालयात या प्रश्नाची दोन टोकं ठरली, कायद्याला ती ठरवावीच लागतात. कादंबरीला दोन्ही टोकं एका मनात राहू देता येतात. तिथंच या साहित्यप्रकाराची खरी गरज आहे.

अशी अनेक तोंडांनी बोलणारी भावकादंबरी शक्य आहे का, असं कोणी विचारलं तर उदाहरण अमेरिकेत आहे. टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’मध्ये (१९८७) गुलामीतून सुटलेल्या आईचा शोक शेवटी वस्तीतल्या बायका एकत्र येऊन, गाऊन, अंगावर घेतात. आणि आपल्याकडं तर ही परंपरा सातशे वर्षांची आहे. ज्ञानदेवांच्या समाधीवर, १२९६ साली घडलेल्या त्या प्रसंगावर, नामदेवांनी जे अभंग रचले त्यांत एकटा नामदेव रडत नाही. भावंडं, संत, सगळा मेळा एकमेकांना सावरतो आणि पुन्हा कोलमडतो. एकाचा शोक आणि सगळ्यांचा शोक तिथं वेगळे काढता येत नाहीत, आणि तरी प्रत्येकाचा हुंदका निराळा ऐकू येतो. गिरणगावातली भजनी मंडळं हेच अभंग घेऊन आलेली माणसं होती. परळला लागणारी लय मराठीत आधीपासून आहे. ती कादंबरीत आणायला कोणी बसलेलं नाही, एवढंच.

कच्चा माल तर तयार पडलाय. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींतून जो इतिहास उभा केला, तो मराठीत ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावानं आला. त्यात खानावळवाल्या आहेत, वाइंडिंग खात्यातल्या बाया आहेत, तमासगीर आहेत, संपात सगळं गमावलेले आहेत. प्रत्येक निवेदन चार-पाच पानांत संपतं आणि जिथं संपतं तिथं एक कादंबरी सुरू व्हायला हवी असं वाटतं. विश्वास पाटलांनी ‘लस्ट फॉर लालबाग’मध्ये जमिनीच्या लोभाची भव्य कहाणी सांगितली. तिचा आवाका मोठा आहे, आणि म्हणूनच एका खोलीत, एका बाईजवळ ती फार वेळ थांबत नाही.

आता परळात शोक करणारी माणसंही बदलली आहेत. टाटाच्या समोर पथारी टाकलेल्यांत बिहारचे आहेत, बंगालचे आहेत, आसामचे आहेत, आपल्या विदर्भ-कोकणातलेही आहेत. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड-परळच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. त्यांतले बरेच जण चिमण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींकडं कामाला निघाले होते. या माणसांचं दुःख मराठीत यायचं तर लेखकाला चाळीच्या आठवणींबाहेर पडून, आपल्याला न येणाऱ्या भाषेत रडणाऱ्या शेजाऱ्याकडं बघावं लागेल.

आशेचं म्हणाल तर परळात तिची कागदपत्रं असतात. २०१२ साली म्हाडानं गिरणीकामगारांसाठी पहिली सोडत काढली, ६,९२५ घरांची. अर्ज दीड लाखाच्या घरात होते. संपाला तोवर तीस वर्षं झाली होती, त्यामुळं बऱ्याच अर्जांवर कामगार मयत आणि अर्जदार वारस. त्या अर्जासाठी लेकीसुनांनी ट्रंका उपसल्या. बापाचा गिरणीतला तिकीट नंबर शोधला, प्रॉव्हिडंट फंडाची पावती शोधली, कोणत्या खात्यात होता ते त्याच्या उरल्यासुरल्या सोबत्यांना जाऊन विचारलं. बाप जिवंत असताना जे कधी विचारलं नव्हतं ते या निमित्तानं कळलं. तो साच्यावर होता, तो रातपाळीत गायचा, त्यानं कोणाला तरी दोनशे रुपये उसने दिले होते. घर लागलं किंवा नाही लागलं, पण अशा एखाद्या लेकीनं बापाला तो मेल्यावर पहिल्यांदा नीट ओळखलं. परळच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मी तिच्या त्या ट्रंकेपासून वाचायला घेईन.